मुदत संपलेला माणूस

परदेशी गेलेल्या माणसाची गोष्ट आपल्या भाषेत बहुधा दोन ठिकाणी घडते. पहिले ठिकाण विमानतळ, दुसरे बर्फ. विमानतळावर आई लाडवांचा डबा हातात देते, वडील काचेआडून पाहत राहतात, आणि पुढच्या प्रकरणात खिडकीबाहेर बर्फ पडू लागलेला असतो. त्या बर्फात मुलगा आधी एकटा पडतो, मग सुखावतो, मग बदलतो. आणि शेवटी गावाकडे बाप मरतो तेव्हा तो येत नाही. अग्नी पुतण्या देतो, शेजारीपाजारी कुजबुजतात आणि कथा संपते. अशा कथा मी वर्षानुवर्षे दिवाळी अंकांतून वाचत आलो आहे. त्यांतल्या काही मनापासून लिहिलेल्या आहेत, हे मी नाकारीत नाही. माझी तक्रार एवढीच की, विमानतळ आणि बर्फ यांच्या दरम्यान आणखी एक जागा असते आणि तिथे आपला लेखक पाऊल टाकीत नाही. ती जागा म्हणजे कचेरी. परवानगीचा अर्ज, त्याला जोडायचे दाखले, मुलाखतीची तारीख, संपत आलेली मुदत आणि पुन्हा नवा अर्ज, यांत परदेशी राहणाऱ्या माणसाची कितीतरी वर्षे जातात. कथेत मात्र या वर्षांना एक ओळ मिळते: व्हिसा मिळाला. जणू पावसाळा संपला किंवा ताप उतरला!

ही एक ओळ आपल्याला का पुरते, याचा विचार करू लागलो की मला आपल्या परदेशगमनाच्या कथेचे मूळ आठवते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना अमेरिकेचा व्हिसा काढावा लागला नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा तिथे आदल्याच वर्षी झाला होता, पण आनंदीबाईंसारख्या एकट्यादुकट्या हिंदी प्रवाशाला तिकडे अडवणारे कोणी नव्हते. अडवणारे सारे इकडे होते. समुद्र ओलांडावा की नाही, बाईमाणसाने एकटीने जावे की नाही, परत आल्यावर जातीत घ्यावे की नाही, हे प्रश्न समाजाने विचारले आणि बंगालमधल्या श्रीरामपूर येथे सभेत उभे राहून आनंदीबाईंनी त्यांची उत्तरे दिली. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली आणि घराघरांत वाचली गेली. परदेशी जाण्याची परवानगी देणारा किंवा नाकारणारा तो घरचा, गावचा, जातीचा, ही समजूत आपल्या मनात अशी पक्की बसली.

पण ते दार पुढे हलले. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना मनाई केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० माणसांपुरते. १९६५ च्या कायद्याने मूळ देशांवर आधारलेली जुनी वाटणी मोडली, तेव्हा कुठे आपले डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले. उंबरठा घरातून उठला आणि वकिलातीत जाऊन बसला. आपली कथा मात्र अजून घरच्याच उंबरठ्यावर डोळे पुसत उभी आहे.

हे विचार मनात यायला कारण झाली ती आना झेगर्स या जर्मन लेखिकेची 'ट्रान्झिट' ही कादंबरी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. जर्मन मला येत नाही, आणि इंग्रजी भाषांतरही शब्दकोश उशाशी घेऊनच वाचले. त्यामुळे भाषेच्या बारकाव्यांविषयी मी बोलणार नाही. पण कादंबरी कशी उभी राहते आणि कशावर उभी राहते, हे स्वतः चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला थोडेफार कळते. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

झेगर्सबाई ज्यू आणि कम्युनिस्ट. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि फ्रान्सचा आसरा घेतला. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्यावर त्या मुलांना घेऊन दक्षिणेकडे पळाल्या. नवरा फ्रान्सच्याच एका छावणीत अडकलेला. १९४१ च्या मार्चमध्ये मार्सेय बंदरातून निघालेल्या एका बोटीत त्यांना जागा मिळाली. त्याच बोटीवर कवी आंद्रे ब्रेताँ आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस हेही होते. ठिकठिकाणी अडत अडत त्या मेक्सिकोला पोहोचल्या. कादंबरी १९४४ मध्ये आधी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांतरांत निघाली. मूळ जर्मन पुस्तक १९४८ मध्ये. लेखिकेप्रमाणे तिच्या पुस्तकालाही स्वदेशी प्रवेश मिळण्यासाठी थांबावे लागले.

कादंबरीतले मार्सेय हे साऱ्या युरोपातून पळून आलेल्या माणसांचे शहर आहे. तिथे राहायचे तर राहण्याचा परवाना हवा. तो केव्हा मिळतो? तर आपण इथून निघून जाणार आहोत, असे दाखवल्यावर! निघण्यासाठी, ज्या देशात जायचे त्याचा व्हिसा हवा. वाटेत स्पेन, पोर्तुगाल असे जे देश लागतील त्यांचा वाटेपुरता व्हिसा हवा. त्यालाच ट्रान्झिट म्हणतात. त्यासाठी बोटीत जागा राखल्याचा पुरावा हवा. आणि शेवटी खुद्द फ्रान्स सोडण्याचा परवाना हवा. यांपैकी प्रत्येक कागदाला मुदत आहे. शेवटचा कागद हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपते आणि माणूस पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभा राहतो. सापशिडीचाच पट म्हणावा. फक्त या पटावर शिड्यांचीही मुदत संपते.

एखाद्या सामान्य लेखकाने हा सारा खटाटोप पार्श्वभूमी म्हणून वापरला असता आणि पुढे प्रेमकथा मांडली असती. झेगर्सबाईंनी त्या खटाटोपालाच कथानक केले. निवेदक छावणीतून पळालेला एक जर्मन तरुण आहे. त्याचे खरे नाव आपल्याला कळत नाही. वायडेल नावाच्या लेखकाला पत्र पोहोचवायला तो पॅरिसमधल्या एका हॉटेलात जातो, तर वायडेलने आत्महत्या केलेली. त्याची पेटी याच्या हाती येते. पेटीत एक अपुरी कादंबरी आणि काही पत्रे. मेक्सिकोने वायडेलला व्हिसा देऊ केल्याचेही त्यातून कळते. निवेदकापाशी जायडलर या नावाचे कागद आहेत. तो पेटीचे प्रकरण घेऊन मार्सेयमधल्या मेक्सिकोच्या वकिलातीत जातो आणि तिथे समज होतो की, हा जायडलर म्हणजेच लेखक वायडेल. झाले! मेलेला माणूस कागदावर जिवंत होतो, आणि ज्याला कुठेही जायचे नाही त्याच्या हाती एकेक परवाना आपसूक पडत जातो.

यानंतरची रचना मला थक्क करून गेली. वायडेलची बायको मारी शहरभर नवऱ्याला शोधीत फिरते आहे. ती ज्या कचेरीत जाते तिथे तिला सांगतात, ते आताच येऊन गेले. ती धावत बाहेर येते. ते म्हणजे अर्थातच निवेदक. आणि तो तिच्यावर प्रेम करू लागलेला. नवऱ्याच्या कागदांवाचून तिला जाता येत नाही, आणि ते कागद पुढे सरकत असल्यामुळेच तो मेला आहे यावर तिचा विश्वास बसत नाही. कचेरीची नोंद एका बाईच्या काळजात आशा होऊन राहते. प्रेम, मृत्यू, विरह हे आपले सगळे जुने विषय इथे आहेत. पण ते घडतात ते शिक्क्यांतून.

रांगेतली इतर माणसेही अशीच लक्षात राहतात. एक म्हातारा वाद्यवृंद-संचालक आहे. व्हिसाचा सारा क्रम तो नवख्यांना पढवतो, आणि जाण्याआधीच वाट पाहता पाहता मरून जातो. एक बाई दोन दांडगी कुत्री घेऊन हिंडते. ती तिची नाहीत आणि तिला आवडतही नाहीत. पण त्यांच्या अमेरिकन मालकांनी तिच्यासाठी जामीन राहण्याचे कबूल केले आहे, कुत्री सुखरूप पोहोचवण्याच्या बोलीवर. कुत्र्यांची तब्येत हाच तिचा पासपोर्ट. यात विनोद आहे, पण हसता हसता घास घशात अडकतो.

याच विषयावरची दुसरी एक प्रसिद्ध कृती म्हणजे जान कार्लो मेनोत्ती याचे 'द कॉन्सल' हे १९५० चे संगीतनाटक. त्यातली माग्दा सोरेल नवऱ्यामागे देश सोडण्यासाठी वकिलातीत हेलपाटे घालते. चिटणीस बाई तिच्यापुढे अर्जांवर अर्ज ठेवते. खुद्द कॉन्सल कधीच भेटत नाही. तिचे मूल जाते, सासू जाते आणि शेवटी तीही जीव देते. मी फक्त संहिता वाचली, संगीताविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण संहितेपुरते सांगायचे तर तिथे कचेरी ही दुष्टशक्ती आहे. झेगर्सबाईंच्या कचेरीत मात्र माणसे बसतात. कोणी कंटाळलेला, कोणी चाणाक्ष, कोणी चक्क भला. त्यांतला बहुतेक जण नियमाप्रमाणेच वागतो, आणि तरीही रांगेतला माणूस बुडतो. हे सत्य अधिक कठीण आहे, कारण इथे शिव्या द्यायला खलनायक सापडत नाही.

आता अर्जाविषयी. अर्ज हा एक कथाप्रकारच आहे, हे माझ्या ध्यानात या कादंबरीमुळे आले. अर्जदार आपले आयुष्य सांगतो, वाचणारा आरंभापासून संशय घेतो, आणि दोन ठिकाणी दोन तपशील आढळले की कथा फेटाळली जाते. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्माच्या नोंदी जळाल्या, तेव्हा अनेक चिन्यांनी आपण अमेरिकेतच जन्मलो, म्हणून आपली मुलेही नागरिक, असा दावा केला. अशा कागदोपत्री बापांची मुले म्हणून जे आले त्यांना कागदी मुलगे म्हणत. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंड बेटावर त्यांची उलटतपासणी होई: घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला, शेजारी कोण? मुलगे बोटीवर वह्या पाठ करीत. खरा मुलगाही विहिरीची दिशा चुकला तर खोटा ठरे. तिथल्या बराकींच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरून ठेवल्या. कचेरीला जी कथा नको होती ती भिंतीने सांभाळली.

आपण मराठी माणसे या गोष्टीला परकी नाहीत. कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. ज्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे त्यांच्या मुलाला मास्तर १ जून ही तारीख देत. शाळा जूनमध्ये भरे आणि वयाचा हिशेब बरोबर बसे. म्हणून महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे पैशाला पासरी आहेत. आईच्या आठवणीत मुलगा पोळ्याच्या आदल्या रात्री जन्मलेला असतो. पण परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे तो १ जूनचाच. लग्न झालेल्या बाईचे तर विचारू नका. वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, कित्येकींचे पाळण्यातले नावही बदलते. मग शाळेच्या दाखल्यावरची ती आणि पासपोर्टवरची ही एकच, असे प्रतिज्ञापत्र करायचे, राजपत्राची प्रत जोडायची. नाव बदलताना तिला काय वाटले, हे आपल्या कथांनी पुष्कळ लिहिले. तीच मी, असे वीस वर्षांनी शपथेवर लिहून देताना तिला काय वाटते, हे कोणी लिहिले आहे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. झेगर्सबाईंची माणसे मरणाच्या भीतीने पळत होती. आपली मुले पगारासाठी जातात. एकाला रांगेत उशीर झाला तर छावणी, दुसऱ्याला फार तर परतीचे तिकीट. ही दोन दुःखे एका तागडीत घालणे हा मेलेल्यांचा अपमान होईल. मी ती तशी घालीत नाही. पण मुदतीचे यंत्र माणसाच्या मनाचे काय करते, एवढ्यापुरते पाहायला हरकत नाही.

ते यंत्र आज आपल्या मुलांसाठी कसे चालते? अमेरिकेत नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. त्यांत बायकामुलेही मोजली जातात. एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही, मग तो देश भारताएवढा असो की लक्झेंबर्गएवढा. अर्ज दाखल झाला की माणसाला एक तारीख चिकटते. तिथले परराष्ट्र खाते दर महिन्याला पत्रक काढून, रांग कोणत्या तारखेपर्यंत आली, ते जाहीर करते. कधी रांग दोन आठवडे पुढे जाते, कधी महिनोन्‌महिने थबकते, आणि कधी चक्क मागे येते. गेल्या महिन्यात जवळ आलेला आपला नंबर या महिन्यात वर्षभराने दूर! काळ उलटा चालवण्यासाठी आमच्यासारखे कादंबरीकार किती युक्त्या करतात; इथे तो सरकारी पत्रकात फुकट मिळतो. दरम्यान पाच वर्षांचे म्हणून नेलेले मूल वाढत असते. त्याने एकविशी ओलांडली की, कायद्याने मिळणारी थोडी वजावट धरूनही, ते बापाच्या अर्जातून गळते आणि जिथे लहानाचे मोठे झाले तिथेच परके ठरते. ज्या घरात मुलाच्या वाढदिवसाची भीती वाटते, त्या घराची कथा लिहायला बर्फ कशाला हवा?

आणि आता बापाच्या मरणाविषयी. तात्पुरत्या नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याच्या पासपोर्टातला व्हिसा संपला तरी, मुक्काम वाढवून मिळाला असेल तर, तो तिथे कायदेशीरपणे राहू शकतो. पण देशाबाहेर पडला की परतण्यासाठी वकिलातीत नवा व्हिसा घ्यावा लागतो. तो कधी मिळेल ते त्याच्या हाती नसते. २०२० च्या जूनमध्ये तर असे नवे प्रवेश बहुतांशी स्थगित झाले, ते मार्च २०२१ अखेरपर्यंत. आणि लगेच मे २०२१ पासून, भारतातून जाणारे जे तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी नव्हते, त्यांपैकी बहुतेकांना नोव्हेंबरपर्यंत दार बंद राहिले. आमच्या गावात त्याच मे महिन्यात एका घरी मरण झाले. मुलगा तिकडे, बायको आणि इथून नेलेली मुलगी तिकडे. तो निघाला असता तर परत कधी जाता येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. त्याने फोनवरून अग्नी पाहिला. स्मशानातून परतताना एक जाणता गृहस्थ म्हणाला, "डॉलर गोड लागले त्याला." तो गृहस्थ वाईट नव्हता. त्याने आयुष्यभर आपल्याच कथा वाचल्या होत्या.

माझ्या लिहिण्याचे कारण हे आहे. न येणारा मुलगा हा आपल्या कथेतला ठरलेला आरोपी आहे, आणि त्याच्या फिर्यादीत पुराव्याचा एक कागदही न वाचता आपण निकाल देत आलो. काही मुले निगरगट्ट असतात; त्यांच्यावरही कथा व्हावी. पण निगरगट्ट मुलगा आणि अडकलेला मुलगा यांतला फरक दाखवणे हेच कथेचे काम असताना, ज्या कागदाने तो फरक कळतो तो कागद रुक्ष म्हणून बाजूला सारणे हा कलेचा दोष आहे. रुक्षपणा कागदात नसतो, पाहणाऱ्यात असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून भाऊबंदकीची कथा आपण लिहितोच की! मग व्हिसाच्या शिक्क्याने काय पाप केले?

'ट्रान्झिट' निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. मारी ही सतत धावणारी, सतत दाराशी येऊन थबकणारी बाई. ती एकटी असताना काय विचार करते, ते आपल्याला कळत नाही. निवेदक तिच्याकडे पाहतो आणि लेखिकाही त्याच्याच डोळ्यांनी पाहण्यावर समाधान मानते. योगायोग जरा अधिक आहेत. शेवटी निवेदक तिकीट परत करतो आणि फ्रान्समधल्या साध्या माणसांत, शेतावर काम करीत राहायचे ठरवतो, त्यात लेखिकेचा पक्ष थोडा डोकावतो. माणसापेक्षा मत मोठे झाल्यासारखे वाटते. मारी ज्या बोटीने जाते ती बुडाल्याची वार्ता तर पहिल्याच पानावर येते, आणि ती खरी की खोटी हे आपल्याला कळत नाही. पण हा शेवटचा दोष नाही, गुण आहे. ज्यांचे सारे आयुष्य खात्रीच्या कागदामागे गेले, त्यांच्याविषयी वाचकालाही खात्री मिळू नये, हे योग्यच. क्रिस्तियान पेट्झोल्ट या दिग्दर्शकाने २०१८ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा गोष्ट आजच्या मार्सेयमध्ये, आजच्या रस्त्यांवर घडवली. त्यासाठी त्याला रांगेत फारसा बदल करावा लागला नाही.

मराठीत असे काही लिहिले जाईल का? सामग्री उदंड आहे. दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या परवानगीवर नातवंडांकडे जाऊन आलेले आजी-आजोबा गावोगाव आहेत. नवऱ्याच्या परवान्यावर गेलेली, पदवी असून वर्षानुवर्षे नोकरीची मनाई सोसलेली सून आहे. पाचव्यांदा मुदत वाढवून घेणारा चाळिशीतला मुलगा आहे. त्यांच्याशी बोलताना लेखकाने बर्फाची चौकशी थोडी कमी करावी आणि फाईल उघडून दाखवायला सांगावे. पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत, तारखा लावून, सावकाश वाचावी. कुठे तरी दोन तारखांच्या मध्ये तो मुलगा वडिलांच्या मरणाला का आला नाही, ते लिहिलेले सापडेल. कधी ते कारण वाचून आपल्याला त्याचा राग येईल, कधी आपल्याच आधीच्या रागाची लाज वाटेल. पण दोन्ही वेळा निकाल वाचून दिलेला असेल.